मापाचा आरसा आणि त्याची पाठ

दर्शनी बाजू झिजली म्हणून आरसा टाकून द्यावा लागला, असे उदाहरण सहसा आढळत नाही. काच ही मोठी टिकाऊ वस्तू आहे. नीट वापरल्यास ती घरातील दोन पिढ्यांना पुरून उरते. आरसा निकामी होतो तो पाठीमागून, आणि तोही बहुधा कडेकडून. न्हाणीघरातील आरशाच्या खालच्या कडेला आधी तपकिरी आणि मग काळी पडत जाणारी नागमोडी रेघ, केशकर्तनालयातील आरशाच्या कोपऱ्यांतून आत सरकत आलेले डाग, उपाहारगृहाच्या भिंतीवरील जुन्या आरशावर उमटलेली करड्या ठिपक्यांची जाळी, या सर्वांच्या पाहण्यातील गोष्टी आहेत. असे असूनही आरसा विकत घेताना ग्राहक तो केवळ समोरून पाहतो. आकार, चौकट, कडेचा पैलू यांची चर्चा दुकानात तास तास चालते. पाठीचा व कडेचा प्रश्न क्वचितच निघतो. मागणीप्रमाणे कापून घेतलेल्या आरशाच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष महाग पडते. त्याचे कारण समजण्यासाठी आरशाच्या पाठीमागे नेमके काय असते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

आरसा खराब झाला म्हणजे मराठीत ‘पारा उडाला’ असे म्हणतात. हा शब्दप्रयोग एका लोपलेल्या कारागिरीची खूण आहे. सोळाव्या शतकापासून व्हेनिसच्या कारागिरांनी नावारूपास आणलेल्या पद्धतीत कथिलाचा पातळ पत्रा सपाट फरशीवर अंथरून त्यावर पारा ओतीत, त्यावर काच सरकवून वजने ठेवीत, आणि जादा पारा निथळून जाण्यासाठी कित्येक दिवस वाट पाहत. कथील व पारा यांच्या या संयुक्त थरात स्थूलमानाने एक चतुर्थांश पारा शिल्लक राही. ही कला सुंदर होती, पण करणाऱ्यांच्या जिवावर उठणारी होती. जर्मनीतील फ्यूर्ट व एर्लांगेन येथील आरसे करणाऱ्या कामगारांत पाऱ्याच्या विषबाधेने होणारा कंप आणि मनोविकार यांचे सविस्तर वर्णन वैद्य आडोल्फ कुसमाउल याने १८६१ मध्ये प्रसिद्ध केले. तत्पूर्वीच, १८३५ मध्ये, युस्टुस फोन लीबिख या रसायनशास्त्रज्ञास असे आढळले होते की, चांदीच्या क्षाराच्या द्रावणावर अल्डिहाइडची क्रिया झाली असता काचेच्या पृष्ठभागावर चांदीचा लखलखीत थर बसतो. या शोधाचे व्यवहारात रूपांतर होण्यास काही दशके लागली. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पाऱ्याचा आरसा जवळजवळ मागे पडला. आज बाजारात मिळणाऱ्या आरशात पाऱ्याचा थेंबही नसतो. शब्द मात्र जिभेवर टिकून राहिला आहे.

आजचा आरसा म्हणजे एकावर एक रचलेल्या थरांची मांडणी होय. १९५९ मध्ये जाहीर झालेल्या पिल्किंग्टन पद्धतीने, म्हणजे वितळलेल्या कथिलावर तरंगवून तयार केलेली सपाट काच प्रथम घासून धुतात. नंतर तिच्यावर कथिलाच्या क्षाराचे सौम्य द्रावण फिरवतात. त्याने चांदी धरून ठेवण्याची पात्रता काचेस येते. मग चांदीच्या नायट्रेटचे अमोनियायुक्त द्रावण आणि ते विघटित करणारे दुसरे द्रावण यांचा एकाच वेळी फवारा मारून चांदीचा थर बसवितात. हा थर मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाएवढा किंवा त्याहूनही पातळ असतो. एक चौरस मीटर आरशावरील सगळी चांदी गोळा केली तरी ती साधारणपणे एक ग्रॅमच्या आतबाहेर भरेल. इतक्या नाजूक थराच्या रक्षणासाठी त्यावर पूर्वी तांब्याचा थर देत. अलीकडे पुष्कळ कारखान्यांत तांबे वगळून दुसरी रासायनिक प्रक्रिया करतात. या सर्वांवर रंगाचे एक किंवा दोन लेप असतात. ग्राहकास पाठीवर दिसतो तो हा रंग. चांदी पुढून काचेने आणि मागून रंगाने झाकलेली असते. उघडी असते ती केवळ कडेला.

आता मापाच्या आरशाचा विचार केला म्हणजे अडचण स्पष्ट होते. कारखान्यातून मोठा पत्रा येतो; काचवाला तो हव्या त्या मापाला कापतो. प्रत्येक काप म्हणजे चांदीच्या थराची एक नवी, उघडी पडलेली रेषा. नळासाठी किंवा दिव्याच्या बटनासाठी पाडलेले भोक हीही एक गोल कडच होय, आणि ती बहुधा ओलाव्याच्या सर्वांत जवळ असते. काप काचेच्या बाजूने स्वच्छ घेतला असेल तर पाठीचा रंग सरळ तुटतो. हत्यार बोथट असेल तर रंगाचे बारीक कपचे उडून त्याखालील चांदी उघडी पडते. त्यानंतर कड घासताना जे पाणी वापरतात ते काचेच्या चुऱ्याने गढूळ झालेले असते. आरसा लगेच स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडा केला नाही तर तोच गाळ कडेला चिकटून राहतो आणि आरसा दुकानात असतानाच त्याच्या ऱ्हासास आरंभ होतो. म्हणून मापाचा आरसा घेणाऱ्याने तो उलटा करून पाहावा, कडेवरून बोट न फिरवता नजर फिरवावी, रंगाचे कपचे उडाले आहेत काय ते तपासावे, आणि घासलेल्या कडेवर संरक्षक लेप देण्यास सांगावे. हा लेप कडा बंद करण्यासाठीच विकला जातो व त्याचा खर्च आरशाच्या किमतीच्या मानाने किरकोळ असतो. सर्वसाधारण उपयोगाच्या रजतलेपित आरशांसाठी भारतीय मानक ३४३८ आहे. त्याप्रमाणे केलेला पत्रा आहे काय, हा प्रश्न दुकानदारास विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. मात्र मानकाची कसोटी कारखान्याच्या पत्र्यास लागते. दुकानात झालेल्या कापाची जबाबदारी तो कापणाऱ्याचीच राहते.

उघड्या कडेचे शत्रू कोणते? पहिला ओलावा. आरशाची खालची कड कठड्यावर टेकलेली असेल तर काच आणि भिंत यांच्या फटीत पाणी केशाकर्षणाने वर चढते आणि दिवसच्या दिवस तेथेच राहते. केवळ पाण्याने चांदीचे फारसे बिघडत नाही. परंतु पाण्याबरोबर क्षार येतात. मुंबई, कोकण आणि गोवा येथे समुद्राच्या हवेतील मीठ पावसाळ्याच्या दमटपणात सर्वत्र पसरते, आणि मीठ हे चांदी व तांबे या दोहोंचेही वैरी आहे. दुसरा शत्रू गंधकयुक्त वायू. देव्हाऱ्यातील चांदीची भांडी काळी पडतात त्याचे कारण हवेतील हायड्रोजन सल्फाइड. हाच वायू उघड्या गटारांच्या आणि गाळाने भरलेल्या खाड्यांच्या परिसरात अधिक असतो. भांडे घासून पुन्हा उजळता येते. आरशाची चांदी काचेआड असल्यामुळे तिला तो उपाय नाही. तिसरा शत्रू माणसाने स्वतः घरात आणलेला असतो. न्हाणीघराच्या फरशा स्वच्छ करण्यासाठी पुष्कळ घरांतून हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे बाजारात ज्यास नुसते ‘ॲसिड’ म्हणतात ते, वापरले जाते. त्याचा वाफारा बंद खोलीत आरशाच्या मागे शिरतो. वर्षानुवर्षे चांगला राहिलेला आरसा अशा दोनचार धुण्यांनंतर कडेने काळवंडू लागला, म्हणजे दोष विक्रेत्याच्या माथी मारला जातो. केशकर्तनालयातील आरशांची गोष्ट निराळी नाही. तेथे केस रंगविण्याच्या द्रव्यांतील अमोनिया, केसांवरील फवारे आणि दिवसातून अनेकदा होणारी ओली पुसापुशी यांचा मारा आरशाच्या खालच्या कडेवर सारखा होत असतो.

यावरून आरसा बसविण्याची रीत कशी असावी हे आपोआप ठरते. आरसा आणि भिंत यांमध्ये काही मिलिमीटर तरी मोकळी जागा असावी, म्हणजे हवा खेळती राहून मागचा ओलावा सुकतो. खालची कड ओट्यावर किंवा कठड्यावर टेकवू नये. लहान ठोकळ्यांवर अथवा धातूच्या पकडींवर ती किंचित उचलून धरावी. नव्या गिलाव्यावर आरसा लावण्याची घाई करू नये. ओल्या सिमेंटमधून आम्लारियुक्त पाणी बाहेर पडत असते आणि ते पाठीच्या रंगास मानवत नाही. आरसा चिकटविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सिलिकोनमध्ये दोन जाती आहेत. एक सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास सोडते. हा वास ॲसेटिक आम्लाचा असतो, आणि ते आम्ल रंगातून पाझरून चांदीपर्यंत पोहोचते. समोरून पाहिले असता काही महिन्यांनी चिकटवणीच्या रेघोट्या जशाच्या तशा आरशात उमटलेल्या दिसतात त्या यामुळेच. दुसरी जात उदासीन असते व तिला तसा आंबट वास नसतो. आरशाला तीच वापरावी. कारागिराने नळी उघडली असता वास कोणता येतो, एवढे पाहणे कोणालाही कठीण नाही.

वजनाचा हिशेबही आधी केलेला बरा. दर चौरस मीटरला, जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे काचेचे वजन अडीच किलोग्रॅम भरते. म्हणजे ५ मि.मी. जाडीचा, १२० सें.मी. रुंद व १८० सें.मी. उंच आरसा २७ किलोग्रॅमचा झाला. हे वजन केवळ चिकटवणीच्या भरवशावर सोडणे शहाणपणाचे नव्हे. त्यास खालून आधार आणि वरून पकड हवी. याउलट मोठा आरसा स्वस्त पडावा म्हणून पातळ काच घेतली, तर भिंतीच्या उंचसखलपणाप्रमाणे ती वाकते आणि प्रतिबिंब हलल्यासारखे दिसते. काच सपाट आहे की नाही हे पाहण्याची सोपी युक्ती अशी : आरशासमोर तिरपे उभे राहून खिडकीच्या चौकटीसारख्या सरळ रेघेचे प्रतिबिंब पाहावे आणि मस्तक हळूहळू बाजूला न्यावे. रेघ लाटेसारखी हेलकावली तर पत्र्यात किंवा बसविण्यात दोष आहे.

आरसा किती मोठा हवा, या प्रश्नाचे उत्तर भूमितीने फार पूर्वी दिलेले आहे. परंतु व्यापारात त्याचा आदर होताना दिसत नाही. उभ्या भिंतीवरील सपाट आरशात स्वतःस नखशिखान्त पाहण्यासाठी स्वतःच्या उंचीच्या निम्म्याच लांबीचा आरसा पुरतो, आणि माणूस जवळ उभा राहिला की दूर, याने त्यात फरक पडत नाही. १६० सें.मी. उंचीच्या व्यक्तीचे डोळे जमिनीपासून १४९ सें.मी. वर आहेत असे धरल्यास, आरशाची खालची कड सुमारे ७४.५ सें.मी. वर आणि वरची कड १५४.५ सें.मी. वर आली म्हणजे काम भागते. घरात १५० ते १८० सें.मी. उंचीची माणसे असतील तर सुमारे १०५ सें.मी. लांबीचा आरसा, खालची कड ७० सें.मी.च्या किंचित खाली ठेवून, सर्वांना पायांच्या बोटांपर्यंत दाखवील. सहा फुटांचा आरसा जमिनीपर्यंत आणण्यात शोभा असेल, पण गरज नाही. शिवाय जमिनीलगतच्या कडेला फरशी पुसण्याचे पाणी रोज भेटते, हा तोटा वेगळाच. आरसा भिंतीला टेकवून मागे झुकता ठेवला तर हा हिशेब बदलतो. अशा आरशात माणूस स्वतःस किंचित खालून पाहिल्यासारखा पाहतो. कपड्यांच्या दुकानांत झुकते आरसे पुष्कळदा दिसतात. त्यात दिसणारी शरीराची ठेवण आणि घरच्या उभ्या आरशातील ठेवण यांत तफावत पडली, तर त्यात नवल नाही.

रंगाचा प्रश्न व्यापाऱ्यांना अधिक जिव्हाळ्याचा आहे. साध्या काचेत लोहाचा अंश असतो आणि त्यामुळे तिला हिरवट छटा असते. एका परावर्तनात ती जाणवत नाही. परंतु केशकर्तनालयात समोरासमोर लावलेल्या दोन आरशांत प्रतिमांची जी ओळ दूरवर गेलेली दिसते, तीत मागच्या मागच्या प्रतिमा अधिकाधिक हिरव्या व अंधुक होत जातात. प्रकाश काचेतून प्रत्येक वेळी दोनदा जातो आणि हिरव्याखेरीज इतर रंगांचा थोडाथोडा भाग गमावून बसतो. काच जितकी जाड तितका हा परिणाम अधिक. सराफाच्या पेढीवर किंवा पैठणीच्या दुकानात, जेथे सोन्याची झाक अथवा रेशमाचा रंग पाहूनच सौदा होतो, तेथे अल्पलोह काचेचा आरसा महाग असला तरी योग्य ठरतो. घरी त्याची आवश्यकता नाही. मात्र दोन्हीकडे एक नियम सारखाच लागू आहे : प्रकाश पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर पडला पाहिजे, आरशावर नव्हे. आरशाच्या वर छताला लावलेला एकच दिवा डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावल्या पाडतो. दोन्ही बाजूंस उभे लावलेले मंद दिवे अधिक उपयोगी पडतात.

कपड्यांच्या दुकानातील बदलण्याच्या खोलीत असलेला आरसा पारदर्शक तर नाही ना, अशी शंका अनेक स्त्रियांच्या मनात येते व ती रास्त आहे. तिच्या निरसनासाठी नख काचेवर टेकवून नख आणि प्रतिबिंब यांत अंतर दिसते काय ते पाहावे, अशी एक परीक्षा सांगितली जाते. ही परीक्षा भरवशाची नाही. अंतर दिसते ते काचेच्या जाडीमुळे. अर्धपारदर्शक थर काचेच्या मागच्या बाजूस असेल तर तेथेही ते तसेच दिसेल. डोळ्यांभोवती दोन्ही तळव्यांचा आडोसा करून आरशाला चेहरा टेकवून आत पाहणे, किंवा प्रखर दिवा काचेला टेकवून धरणे, हा अधिक चांगला मार्ग आहे. कारण अशा आरशाचा सारा खेळ पलीकडची खोली अंधारी ठेवण्यावर अवलंबून असतो.

साधा आरसा फुटला तर त्याचे सुरीसारखे धारदार तुकडे होतात. जिन्याजवळ, लहान मुलांच्या खोलीत, व्यायामशाळेत आणि गर्दीच्या दुकानात म्हणून पाठीवर तुकडे धरून ठेवणारा चिवट पापुद्रा लावलेला आरसा घ्यावा. तापवून कठीण केलेली काचही मिळते, पण ती एकदा कठीण झाली की कापता किंवा भोक पाडता येत नाही. माप चुकले तर तो आरसा वायाच गेला. प्लास्टिकचे आरसे फुटत नाहीत. तथापि ते लवकर ओरखडतात आणि वाकतात.

निगेविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण आरशाला हव्या असलेल्या गोष्टींपेक्षा नको असलेल्याच गोष्टी अधिक आहेत. पाणी किंवा फवारा आरशावर मारू नये. मऊ कापड किंचित ओले करून त्याने पुसावे, लगेच कोरड्या कापडाने टिपावे, आणि खालची कड शेवटी पुन्हा एकदा कोरडी करावी. आरशावर उडालेला थेंब ओघळून खाली जातो आणि कडेला थांबतो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. अमोनियायुक्त द्रव, व्हिनेगर, लिंबू, आम्ल, विरंजक चूर्ण यांना दूर ठेवावे. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडू द्यावयाचे नसतील तर आरसा ओला राहू देऊ नये. एकदा सुकून घट्ट झालेला डाग काढण्याच्या भरात काचेवर ओरखडे पडतात. घराला रंग देताना चुन्याचा शिंतोडा उडाल्यास तो ओला असतानाच टिपून घ्यावा. आरशावर चिकटविलेल्या टिकल्या हा महाराष्ट्रातील घराघरांतला प्रश्न आहे. त्यांचा डिंक पात्याने खरवडण्याऐवजी खोबरेल तेलाचे बोट लावून काही वेळ ठेवल्यास सुटतो व मागाहून सौम्य साबणाच्या ओलसर फडक्याने निघतो. न्हाणीघरात ॲसिड वापरावयाचेच असेल तर खिडकी उघडी ठेवावी आणि भरपूर पाण्याने फरशी धुऊन काढावी. आरसा काढता येण्याजोगा असेल तर तो त्या वेळेपुरता बाहेर न्यावा.

जुन्या आरशांना मात्र निराळा न्याय लावला पाहिजे. गोव्यातील पोर्तुगीज काळातील वाड्यांत, मुंबईच्या इराणी उपाहारगृहांत आणि जुन्या संस्थानी घरांत अद्याप टिकून असलेल्या मोठ्या आरशांपैकी काही चांदीचे, तर काही खरोखरच पाऱ्याचे असू शकतात. चांदीच्या आरशाची पाठ बहुधा रंगविलेली असते. पाऱ्याच्या आरशाची पाठ उघडी, करड्या धातूसारखी दिसते, प्रतिबिंबात निळसर राखाडी झाक असते, आणि चौकटीच्या खालच्या पट्टीत कधीकधी बारीक चकाकणारे थेंब साचलेले सापडतात. असा आरसा ‘नवा करून’ देतो असे सांगणाऱ्याच्या हाती तो देऊ नये. पाठ खरवडल्याने वा तापविल्याने पाऱ्याचा वाफारा घरात पसरतो, आणि जो थर पुन्हा कोणीही तसा घालणार नाही तो कायमचा नाहीसा होतो. डाग पडलेला असला तरी तो तसाच भिंतीवर राहू द्यावा, त्यास उन्हापासून व उष्णतेपासून जपावे, आणि स्पष्ट दिसणारा आरसा हवा असेल तर तो शेजारी निराळा लावावा. हलविण्याची वेळ आलीच तर त्यास आडवा न करता, वरची बाजू वर ठेवून, उभाच न्यावा. कारण थरातील मोकळा पारा वर्षानुवर्षे खालच्या अंगास उतरलेला असतो आणि आरसा उलटताच तो चांगल्या राहिलेल्या भागावर धावून जातो.